मुलांच्या दातांना फ्लोराइड व्हार्निश: प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मोबदला द्यायचा तर कसा?

माणदेश_आरोग्य (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माण-खटाव पट्ट्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी एक प्रस्ताव लिहायला घेतलाय. 9 महिने ते 3 वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला दर सहा महिन्यांनी दातांवर फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे कीड रोखणारा फ्लोराइडचा पातळ लेप, लावायचं. हे काम दंतवैद्याने न करता मूल जिथे एरवी येतंच तिथल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या टीमने करायचं, आणि त्याचा त्यांना मोबदला द्यायचा, अशी मांडणी आहे.

कारण उघड आहे. दातांचे डॉक्टर असतात उपजिल्हा रुग्णालयात, आणि मूल तिथे पोचतं गाल सुजल्यावर. त्याआधी तेच मूल लसीला, जीवनसत्त्व अ च्या मात्रेला, सर्दी-जुलाबाला आपल्या माणसांसमोर आठ-दहा वेळा येऊन गेलेलं असतं. तोंड उघडून बघितलं जातं ते घसा बघायला. दात त्याच्या अलीकडेच असतात, पण ते कुणी बघत नाही.

अडतंय ते पैशाच्या रचनेपाशी. दर मुलामागे द्यावेत की टप्पा पूर्ण झाल्यावर? वैद्यकीय अधिकारी पगारी आहेत, मग वेगळे पैसे कशाला, हा प्रश्न बैठकीत येणारच. गावातल्या खासगी बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांना घ्यावं का? आणि खोट्या नोंदी कशा रोखायच्या? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

---

दंत_जनआरोग्य_मिरज

प्रस्तावाची दिशा बरोबर आहे. ही कल्पना नवी नाही, त्यामुळे दुसरीकडे ती कुठे अडली ते आधी बघून घ्या.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने 2000 सालापासून मेडिकेडमधून, म्हणजे तिथल्या गरिबांसाठीच्या सरकारी विम्यातून, बालरोगतज्ज्ञांना आणि फॅमिली डॉक्टरांना याचे पैसे द्यायला सुरुवात केली. मूल साडेतीन वर्षांचं होईपर्यंत सहा भेटी. त्यातली खरी हुशारी अशी की पैसे नुसत्या व्हार्निशचे नव्हते. दात तपासणं, व्हार्निश लावणं आणि पालकांशी बोलणं असा मिळून एकच संच, आणि आधी प्रशिक्षण घेतल्याशिवाय बिल नाही. तिथल्या मुलांचा पुढे अभ्यास झाला. ज्यांच्या चार किंवा जास्त भेटी झाल्या त्यांना सहा वर्षांपर्यंत किडीवरचे उपचार सुमारे 17 टक्के कमी लागले. एक-दोन भेटींवर थांबलेल्या मुलांसाठी असं म्हणता येत नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मोबदल्याचा भर चौथ्या भेटीवर ठेवा.

दुसरी गोष्ट, नुसता दर जाहीर केला की डॉक्टर कामाला लागतात असं तिथेही झालं नाही. 2014 मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने पहिला दात आल्यापासून पाच वर्षांपर्यंत सगळ्या मुलांना प्राथमिक डॉक्टरांनी व्हार्निश लावावं अशी शिफारस केली, 2021 मध्ये ती कायम केली. 2015 पासून डॉक्टरांच्या बिलासाठी स्वतंत्र कोडही आहे, 99188. तरीही बहुसंख्य दवाखाने करत नाहीत. साहित्य हाताशी नसतं, नर्सला शिकवलेलं नसतं, पुढे पाठवायला दंतवैद्य मिळत नाही. पैसा ही चौथी अडचण. पहिल्या तीन सुटल्या नसतील तर दर दुप्पट करूनही फरक पडणार नाही.

आपल्याकडचा आधार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे. तो 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याच्या यादीत दातांचे आजार आहेत, फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दंतवैद्याचं पद असतं. पण पथक मूल शोधतं आणि पुढे पाठवतं. कीड लागण्याआधी काही करणं त्यात बसत नाही. तुमचा प्रस्ताव नेमकी ती फट भरतो, आणि प्रस्तावनेत तेच लिहा.

आता साहित्याचा हिशेब. 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश, म्हणजे 22,600 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड. वीसही दात आलेल्या मुलाला 0.25 मिली, आठ दात असतील तर 0.1 मिलीही पुरतं. 30,000 लोकसंख्येचं केंद्र आणि हजारी 15 जन्म धरले तर वर्षाला 450 जन्म, आणि 9 ते 36 महिन्यांची साधारण 1,000 मुलं. वर्षाला दोनदा म्हणजे 2,000 मात्रा, 500 मिली. 10 मिलीच्या 50 ट्यूब होतात. वाया जाणारं धरून 60 मागवा.

एका मुलाची सुटी मात्रा असलेली पाकिटं मिळाली तर तीच घ्या, महाग पडली तरी. ट्यूबमध्ये दोन धोके आहेत. त्यातला फ्लोराइडचा क्षार खाली बसतो, त्यामुळे न ढवळता पिळलं तर एका मुलाला नुसता राळेचा द्रव आणि दुसऱ्याला घट्ट साका. दुसरा धोका मोठा आहे. 10 मिलीच्या ट्यूबमध्ये 226 मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. एका मात्रेत जातं 5.65 मिलिग्रॅम. फ्लोराइडची विषबाधा संभवते ती किलोमागे 5 मिलिग्रॅमपासून, म्हणजे 9 किलोच्या मुलाला 45. मात्रा पूर्ण सुरक्षित आहे, पण टेबलावर उघडी पडलेली ट्यूब एखाद्या मुलाने चोखली तर जिवावरचं आहे. ट्यूब लसीच्या डब्यासारखी मोजून द्यायची आणि मोजून परत घ्यायची.

---

उपकेंद्र_पाटण

मिरजच्या सरांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण हे काम प्रत्यक्षात डॉक्टर करणार नाहीत. ते एएनएम ताई (उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका) आणि समुदाय आरोग्य अधिकारी करणार, आणि मूल आणणार आशा. त्यामुळे शीर्षकातला "डॉक्टरांना मोबदला" मला पटत नाही. पैसे टीमच्या नावाने काढा, नाहीतर पहिल्याच महिन्यात उपकेंद्रात कुरबूर सुरू होईल आणि ब्रश कपाटात जाईल.

सत्र वेगळं लावू नका. जीवनसत्त्व अ ची पहिली मात्रा 9 व्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर, दुसरी 16 ते 18 महिन्यांत डीपीटीच्या बूस्टरबरोबर, पुढे दर सहा महिन्यांनी. व्हार्निशचंही वेळापत्रक हेच निघतं: 9, 18, 24, 30, 36 महिने. म्हणजे चौथी भेट अडीच वर्षांला होते आणि 36 व्या महिन्याची एक हाताशी राहते. 5,000 लोकसंख्येच्या उपकेंद्राला महिन्याला अंदाजे 28 मुलं येतात. ती चार-पाच गावांच्या सत्रांत वाटली तर एका सत्राला सहा-सात. एका मुलाला तीन ते पाच मिनिटं. जमण्यासारखं आहे.

क्रम महत्त्वाचा. आधी जीवनसत्त्व अ चमच्याने, मग दात, इंजेक्शन सगळ्यात शेवटी. जीवनसत्त्व अ तेलकट असतं. ते व्हार्निशनंतर दिलं तर वरून वंगण बसल्यासारखं होतं आणि मूल जीभ फिरवून सगळं पुसून काढतं. इंजेक्शन आधी दिलं तर आई मूल परत झोपवायला तयार होत नाही.

बसायची पद्धत अशी. आई आणि ताई समोरासमोर खुर्चीवर, गुडघ्याला गुडघा टेकवून. मूल आईकडे तोंड करून मांडीवर, पाय आईच्या कमरेच्या दोन बाजूंना. मग त्याला मागे झोपवायचं, डोकं ताईच्या मांडीवर. आई दोन्ही हात धरते आणि कोपरांनी पाय दाबते. मूल रडणारच. रडलं की तोंड आपसूक उघडतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नये, पण आईला आधी सांगून ठेवावं.

वरचा ओठ अंगठ्याने उचला. गॉजच्या तुकड्याने वरचे पुढचे दात पुसा आणि लगेच बॅटरीच्या उजेडात हिरडीलगत बघा. खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. ओल्या दातावर ती दिसत नाही, पुसल्यावर दोन-तीन सेकंदांनी उमटते. न पुसता "दात चांगले" लिहिलेली नोंद म्हणूनच खोटी ठरते. खालच्या पुढच्या दातांना जीभ आणि लाळ सांभाळते, म्हणून बाटलीच्या मुलात आधी वरचे चार जातात. तिथे बघितलं नाही तर बघितलंच नाही.

नंतर ब्रशने पातळ थर. आठपेक्षा जास्त दात असतील तर तोंडाचे चार भाग करून एकेक भाग पुसायचा आणि लगेच लावायचा. सगळं तोंड आधी पुसून ठेवण्यात अर्थ नाही. दात अगदी कोरडा लागत नाही, व्हार्निश लाळ लागली की घट्ट होतं. पण वर खरकटं आणि मळ असेल तर ते मळावर चिकटतं आणि संध्याकाळी मळाबरोबर निघून जातं. दाढांसाठी बोट दातांमध्ये घालू नका, चावा बसेल. गालाच्या आतून मागे न्या आणि गाल बाहेर ओढा.

एका मुलाला एक ब्रश. वापरलेला ब्रश परत ट्यूबच्या तोंडाला किंवा वाटीत घालायचा नाही. व्हार्निश कागदाच्या तुकड्यावर थेंबभर काढायचं, त्या मुलाचं काम झालं की कागद फेकायचा. माण, जत, आटपाडीच्या उन्हाळ्यात टोपण सैल राहिलं तर त्यातलं अल्कोहोल उडतं आणि गुळाच्या पाकासारखं ताणलं जातं. तसं झालं की ती ट्यूब बाद.

तोंडात फोड, हिरडीला जखम किंवा पू असेल, किंवा राळेची ॲलर्जी माहीत असेल तर लावू नका. दमा असलेल्या आणि त्यासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागलेल्या मुलाला आधी डॉक्टरांना दाखवा.

आईला सांगायचं ते इतकंच: अंगावरचं दूध लगेच चालेल. चार तास गरम आणि कडक काही नको, मऊ वरणभात कोमट करून द्या. आज रात्री ब्रश नको, उद्या सकाळपासून. आणि दात पिवळट दिसतील, ते उद्या जाईल. हे शेवटचं वाक्य विसरलं तर आई घरी जाऊन पदराने दात घासते आणि सगळी मेहनत वाया.

रोजच्या दोन गोष्टी सांगा, दहा नको. बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. आणि 1,000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. "बाळांसाठी" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड कमी किंवा नसतंच, वेष्टनावर वाचायला शिकवा. आजी स्वतःची मशेरी लावून झाल्यावर तेच बोट नातवाच्या हिरडीला लावत असेल तर तिथे थांबून बोला. ती तंबाखू आहे.

---

लेखाशाखा_सांगली

पैशाच्या बाजूने लिहितो.

"पगारी अधिकाऱ्याला वेगळे पैसे कशाला" याला बैठकीत एकच उत्तर चालतं: ही रक्कम पगाराची भर नाही, मोजता येणाऱ्या वाढीव कामाचा टीमचा प्रोत्साहन भत्ता आहे. आशांना कामावर आधारित मोबदला आधीपासून आहेच, आयुष्मान आरोग्य मंदिरांत टीमला कामगिरीनुसार रक्कम दिली जाते. नवीन तत्त्व मांडू नका, त्याच ओळीत बसवा.

दराची मांडणी सुचवतो, आकडे तुमच्या तालुक्याप्रमाणे बदला. एका पूर्ण भेटीला 60 रुपये: लावणाऱ्याला 30, मूल आणणाऱ्या आशाला 15, वैद्यकीय अधिकाऱ्याला 15. वैद्यकीय अधिकाऱ्याचे 15 सहीचे नाहीत. कीड किंवा सूज असल्याची नोंद झालेलं प्रत्येक मूल त्याने स्वतः बघायचं, त्याचे आहेत. चौथी भेट झाली की टीमला वेगळे 100. वर्षाला 2,000 भेटींचे 1,20,000 आणि 450 पैकी 315 मुलांनी चौथा टप्पा गाठला तर 31,500. एका केंद्राला साधारण दीड लाख, साहित्य वेगळं. चार केंद्रांचे सहा लाख. जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून एक वर्ष चालवून बघण्याजोगी रक्कम आहे. पुढच्या वर्षी पीआयपीत (आरोग्य विभागाच्या वार्षिक अंमलबजावणी आराखड्यात) मागणी करताना हातात आकडे असतील.

"पूर्ण भेट" याची व्याख्या आदेशातच लिहा. दातांची संख्या, पांढरी रेघ आहे की नाही, खड्डा आहे की नाही, व्हार्निश लावलं, पुढची तारीख. पाचपैकी एक रकाना कोरा तर देयक शून्य. माता-बाल संरक्षण कार्डावर यासाठी जागा नाही, म्हणून पाच रकान्यांचा रबरी शिक्का बनवा आणि जीवनसत्त्व अ च्या पानावर मारा.

खोट्या नोंदीचं म्हणाल तर तीन गोष्टी लागू पडतात. ब्रशचा साठा आणि भेटींचा आकडा जुळला पाहिजे. महिन्याच्या नोंदींपैकी 5 टक्के पालकांना तालुक्यातून फोन, आणि प्रश्न "लावलं का" असा नाही, "दात कसे दिसत होते" असा. आणि ज्या उपकेंद्रात एकाही मुलाला पांढरी रेघ सापडत नाही तिथे जाऊन बघा. शंभर मुलांत एकही रेघ नाही याचा अर्थ ओठ उचललाच जात नाही.

खासगी डॉक्टरांना जरूर घ्या, पण सुरुवातीला दोन-तीनच. दर भेटीला 150, साहित्य केंद्रातून मोजून, पालकाकडून एक रुपया घ्यायचा नाही, अर्धा दिवस प्रशिक्षण घेतलेलं हवं. देयक महिन्याच्या 10 तारखेपर्यंत निघालं पाहिजे. सहा-सहा महिने देयक थकलं की आधी खासगी दवाखाने बाहेर पडतात, मग आशा. योजना बंद पडते ती बहुतेक वेळा इथे, दर कमी होता म्हणून नव्हे.

---

माणदेश_आरोग्य

सगळ्यांचे मनापासून आभार. उपकेंद्र ताईंचा टीमचा मुद्दा मान्य, शीर्षक बदलतो.

दोन शंका राहिल्या. ऊसतोडीच्या टोळ्या कऱ्हाड, वाळव्याकडे कारखान्यांवर पाच-सहा महिने असतात, त्यातली मुलं कुणाच्या खात्यात धरायची? आणि आमच्याकडे काही वाड्या बोअरच्या पाण्यावर आहेत. तिथे फ्लोराइड जास्त निघालं तर वरून व्हार्निश लावणं चुकीचं नाही का?

---

लेखाशाखा_सांगली

मोबदला लावलेल्या मात्रेवर ठेवा, "आपल्या यादीतल्या किती टक्के मुलांना" यावर ठेवू नका. टक्केवारी लावली की कोप्यांवरचं (ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांतलं) मूल कुणालाच नको असतं, कारण ते छेदात नसतं आणि अंशातही धरत नाहीत. ज्याने लावलं त्याला 60, मूल बीडचं असो की बिदालचं. शिक्का मारलेलं कार्ड आईबरोबर गावी जातं, पुढची तारीख तिथल्या ताईला दिसते. हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एक फेरी कोप्यांवर लावा.

---

दंत_जनआरोग्य_मिरज

पाण्याचं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. जलजीवन मिशनच्या गाव पातळीवरच्या तपासणी संचात फ्लोराइडची चाचणी असते, ग्रामपंचायतीकडून करून घ्या आणि जास्त दिसलं तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. दातांवर डाग पाडणारं फ्लोराइड हे रोज पोटात जाणारं असतं, दात हाडात घडत असताना. व्हार्निश वर्षातून दोनदा, वरून, काही मिलिग्रॅम. पाणी जास्तीचं असेल तर आधी पाणी बदला. व्हार्निश थांबवायचं कारण ते नाही. पेस्ट मात्र तिथे दाण्याएवढीच राहील यावर जास्त लक्ष द्या.

पुढे पाठवण्याची साखळी प्रस्तावात नावानिशी लिहा. पांढरी रेघ असेल तर पाठवू नका, तीन महिन्यांनी परत बोलावून व्हार्निश लावा. ती परत फिरते. खड्डा असेल तर महिन्याच्या आत ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाचा दंतवैद्य. सूज, पू, ताप, रात्री झोपू न देणारं दुखणं: त्याच दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी मूल तिथे. नुसतं अँटिबायोटिकचं सिरप देऊन घरी पाठवलं तर सूज चार दिवस उतरते आणि दात तसाच राहतो. कऱ्हाडला आणि सांगलीला दंत महाविद्यालयं आहेत. त्यांच्या सामुदायिक दंतशास्त्र विभागाला पत्र देऊन महिन्याचा एक दिवस ठरवून घ्या, म्हणजे खड्ड्यांची मुलं एकगठ्ठा नेता येतील. तिथे 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून भूल न देता कीड थांबवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. त्याने खड्डा कायमचा काळा पडतो, म्हणून लावण्याआधी आईची संमती आणि काळ्या झालेल्या दाताचा फोटो दाखवणं, दोन्ही हवं.

काळ्यावरून एक. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप 1 मिली दिलं जातं, त्याने दातांवर काळपट थर बसतो. नव्या ताई त्याला कीड लिहितात आणि पालक सिरप बंद करतात, दोन्हीकडून नुकसान. ओळखायचं असं: ओल्या गॉजने घासून बघा आणि नखाऐवजी बोथट काडीने हलकेच पृष्ठभाग चाचपा. लोहाचा डाग गुळगुळीत लागतो, दाताचा आकार शाबूत असतो. किडीचा भाग खरखरीत किंवा मऊ लागतो आणि कड तुटलेली दिसते. टोकदार सुईने टोचायचं नाही, सुरुवातीची कीड त्यानेच फुटते. सिरप जिभेच्या मागच्या बाजूला ड्रॉपरने द्यायचं आणि वर दोन घोट पाणी पाजायचं.